प्रदूषित मातीतले शिसे झाडे शोषतात, पण किती? आधी हिशेब, मग हिरवळ

विषारी धातूंनी बिघडलेली जमीन झाडे आणि त्यांच्या मुळांवरची बुरशी सुधारू शकतात, हे खरे आहे. अशी जमीन दोन-चार हंगामांत पूर्ववत होते, हे मात्र बहुतेक वेळा खरे नाही. या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्यावर एखाद्या गावाची शेती, तिथल्या मुलांचे आरोग्य आणि प्रदूषण करणाऱ्याची जबाबदारी ठरते.

चर्चा आता कशासाठी?

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. रसायनांनी माती किंवा भूजल बिघडलेली जागा कशी शोधायची, तपासणी कोणी करायची आणि सफाईचा खर्च कोणाकडून वसूल करायचा, याची चौकट त्यात आहे. तोवर देशभरात अशा १०३ जागा निश्चित झाल्या होत्या. प्रत्यक्ष सफाई सुरू झाली होती ती अवघ्या सात ठिकाणी.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या औद्योगिक प्रदूषण निर्देशांकात २००९ मध्ये चंद्रपूर देशात चौथे होते. २०१८ च्या निर्देशांकात तारापूर पहिल्या क्रमांकावर गेले.

नव्या नियमांत तपासणीच्या टप्प्यांना मुदत आहे. पण जागा प्रदूषित ठरल्यानंतर ती अमुक वर्षांत सुरक्षित झालीच पाहिजे, असे बंधन नाही. अशा मोकळ्या जागेत सर्वात स्वस्त आणि फोटोत सर्वात छान दिसणारा उपाय पुढे येतो, तो म्हणजे झाडे लावणे. त्यामुळे हा उपाय नेमका काय करतो आणि काय करत नाही, हे आताच समजून घेतलेले बरे.

जमिनीतले धातू आपोआप का जात नाहीत?

सांडपाण्यातील सेंद्रिय घाण जिवाणू खातात. अनेक कीटकनाशकांचे रेणूही कालांतराने तुटतात. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, पारा, निकेल हे मात्र मूलद्रव्ये आहेत. त्यांचे विघटन होत नाही. त्यांचे रासायनिक रूप बदलते, जागा बदलते, पण ती नाहीशी होत नाहीत. आर्सेनिक काटेकोरपणे अर्धधातू असले, तरी त्याचेही तसेच.

जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचे धंदे, धातूंना मुलामा देणारे कारखाने, चामड्याचे उद्योग, खाणींचे ढिगारे, औष्णिक केंद्रांची राख आणि कारखान्यांचे पाणी मिसळलेल्या नाल्यांवर होणारे सिंचन अशा अनेक वाटांनी हे धातू शेतात पोहोचतात. तिथून ते भाजीत, चाऱ्यात आणि विहिरीत उतरतात. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठून राहते. शिसे लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीत अडथळा आणते. म्हणजे सफाईचे दोनच मार्ग उरतात. एक तर धातू जमिनीतून बाहेर काढायचा, नाही तर तो आहे तिथेच असा जखडायचा की पाण्यात, धुळीत आणि अन्नात शिरणार नाही.

झाडे नेमके काय करतात?

झाडांना ही दोन्ही कामे येतात, पण एकच झाड दोन्ही कामे सारख्याच चांगल्या रीतीने करत नाही.

पहिले काम उपसण्याचे. मुळांनी धातू घ्यायचा, खोड-पानांत साठवायचा, मग झाड कापून न्यायचे. निसर्गात अशा काही थक्क करणाऱ्या वनस्पती आहेत. पॅसिफिक महासागरातील न्यू कॅलेडोनिया बेटावर पिक्नँड्रा अॅक्युमिनाटा हे झाड आहे. त्याचा चीक निळसर हिरवा असतो, कारण वाळवल्यावर त्याच्या वजनाचा सुमारे चौथा हिस्सा निकेल असते. संशोधकांनी १९७६ मध्ये हे जगापुढे मांडले. २००१ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या लीना मा आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवले, की नेचे वर्गातील टेरिस व्हिटाटा ही वनस्पती जमिनीतील आर्सेनिक खेचून पानांत साठवते. ही वनस्पती भारतात जुन्या दगडी भिंतींच्या फटींतही उगवलेली दिसते.

दुसरे काम जखडून ठेवण्याचे. इथे धातू पानांत गेला नाही तरच उत्तम. मुळांचे जाळे माती धरून ठेवते, धूळ उडू देत नाही, पावसाचे पाणी खाली झिरपण्याआधी वापरते आणि बराचसा धातू मुळांच्या आसपासच अडकवते. वाळा हे त्याचे आपल्या ओळखीचे उदाहरण. उन्हाळ्यात माठात टाकायच्या आणि कूलरच्या जाळीत भरायच्या या मुळ्या जमिनीत तीन मीटर किंवा त्याहूनही खोल जातात. वाळ्याने घेतलेला धातू बहुतांशी मुळांतच राहतो.

समाजमाध्यमांवर चेर्नोबिलच्या सूर्यफुलांची गोष्ट वारंवार फिरते. सूर्यफुले लावली आणि किरणोत्सर्गी माती स्वच्छ झाली, असे त्यात सांगितलेले असते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तिथे गाजलेला प्रयोग एका तळ्यात झाला होता. तराफ्यांवर वाढवलेल्या सूर्यफुलांच्या मुळांनी पाण्यातले सिझियम आणि स्ट्रॉन्शियम घेतले. मातीत सिझियम चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसते आणि मुळांना सहजी मिळत नाही. पाण्यातले यश मातीवर चिकटवणे ही या विषयातली नेहमीची चूक आहे.

मुळांवरची बुरशी कुठे येते?

कृषी सेवा केंद्रात ‘मायकोरायझा’ किंवा ‘व्हॅम’ नावाने पाकीट मिळते, ते बऱ्याच शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. मुळांशी भागीदारी करणारी ही बुरशी. तिला हे नाव जर्मन शास्त्रज्ञ ए. बी. फ्रँक यांनी १८८५ मध्ये दिले. भागीदारी मात्र फार जुनी, सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही तिच्या खुणा आहेत. झाड बुरशीला साखर देते. बुरशीचे धागे मुळांपेक्षा कितीतरी बारीक असल्याने मुळे पोहोचत नाहीत अशा फटींतून ते स्फुरद आणि पाणी आणून देतात.

धातूंनी भरलेल्या जमिनीत या बुरशीची दोन कामे महत्त्वाची ठरतात. अशा जमिनीत सहसा सेंद्रिय पदार्थ नसतात आणि स्फुरद कमी असते, त्यामुळे रोप धातूच्या विषाआधी उपासमारीनेच मरते. बुरशी त्याला तगवते. शिवाय धाग्यांच्या पेशीभित्तिकेला धातूचे कण चिकटतात. बुरशीमुळे मातीत साठणारे ग्लोमॅलिन हे चिकट प्रथिनयुक्त द्रव्यही धातू बांधून ठेवते. अमेरिकी शास्त्रज्ञ सारा राइट यांनी १९९६ मध्ये त्याचा शोध लावला.

इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. पहिली, जास्त धातू असलेल्या जमिनीत ही बुरशी अनेकदा धातूला पानांपर्यंत जाण्यापासून रोखते. जखडून ठेवायचे असेल तर हे वरदान, उपसायचे असेल तर अडथळा. टेरिस व्हिटाटाच्या काही प्रयोगांत मात्र बुरशीमुळे वनस्पतीची वाढ आणि पानांतले आर्सेनिक दोन्ही वाढले. म्हणजे परिणाम झाड, बुरशी, माती आणि धातू या चौघांच्या जोडणीवर ठरतो.

दुसरी गोष्ट आणखी गंमतशीर आहे. धातू शोषणारे पीक म्हणून सर्वाधिक अभ्यास झालेल्यांपैकी एक म्हणजे आपली मोहरी. पण मोहरी, कोबी, मुळा या कुळातील वनस्पती सहसा मायकोरायझाशी भागीदारी करतच नाहीत. तेव्हा ‘मोहरी पेरा आणि मायकोरायझा टाका’ असा सरधोपट सल्ला कोणी दिला, तर तो दुकानदाराच्या फायद्याचा असेल, मातीच्या नव्हे.

एका एकराचा हिशेब काय सांगतो?

या उपायाची खरी परीक्षा साध्या गुणाकार-भागाकाराने होते. एक एकर जमिनीचा वरचा २० सेंटीमीटरचा थर घेतला, तर त्यात ढोबळमानाने एक हजार टन माती असते. एका किलोत एक मिलिग्रॅम धातू म्हणजे एका टनात एक ग्रॅम. म्हणून एकरभर मातीतले प्रमाण किलोमागे एक मिलिग्रॅमने घटवायचे, तर एक किलो धातू बाहेर काढावा लागतो.

उदाहरण म्हणून समजा, कॅडमियम किलोमागे ५ मिलिग्रॅमवरून २ वर आणायचे आहे. म्हणजे तीन किलो कॅडमियम काढायचे. कॅडमियम चांगले शोषणारी वनस्पती लावली, तिचे वाळलेले वजन एकरी दोन टन भरले आणि त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम कॅडमियम आले, तर वर्षाला २०० ग्रॅम धातू निघेल. तीन किलोला १५ वर्षे. कालावधी मोठा आहे, पण माणसाच्या आयुष्यात बसणारा आहे.

आता शिसे घ्या. किलोमागे ५०० मिलिग्रॅमवरून २०० वर आणायचे, तर ३०० किलो शिसे काढावे लागेल. शिसे मातीला घट्ट चिकटते आणि पानांपर्यंत फारच थोडे जाते. एकरी चार टन वाळलेल्या पिकात किलोमागे ५० मिलिग्रॅम शिसे आले असे धरले, तरी वर्षाला २०० ग्रॅमच निघेल. म्हणजे १,५०० वर्षे!

हे आकडे नमुन्यादाखल आहेत, जागेनुसार ते बदलतील. पण कॅडमियम आणि शिसे यांतला शंभरपट फरक हा छापण्यातला दोष नाही. यावर तोडगा म्हणून अमेरिकेत गेल्या शतकाच्या अखेरीस ईडीटीए हे रसायन मातीत मिसळण्याचे प्रयोग झाले. त्याने शिसे विरघळते आणि मोहरी जास्त शिसे घेते. पण विरघळलेले शिसे मुळांसाठी थांबून राहत नाही, ते भूजलातही उतरते. जमीन स्वच्छ करता करता विहीर बिघडवण्याचा हा प्रकार होता.

त्यामुळे शिशाने बिघडलेल्या शेतावर कोणी ‘शोषक’ झाडांचे आश्वासन देत असेल, तर त्याच्याकडे आधी हा हिशेब मागायला हवा.

नागपूरजवळच्या गुमगावने काय दाखवले?

झाडे आणि बुरशी यांची जोडी जिथे खरोखर चालली, ते एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथे मॉइल कंपनीची मँगनीजची खाण आहे. खाणीतून काढून टाकलेल्या दगड-मातीच्या ढिगाऱ्यांवर गवतही धड उगवत नसे. नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथे वेगळी पद्धत वापरली. ढिगाऱ्यात साखर कारखान्यातील प्रेसमड मिसळली. नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मायकोरायझा रोपांच्या मुळांना दिले. मग साग, शिवण, शिसम यांसारखी झाडे लावली. प्रेसमडने पाणी आणि अन्नद्रव्ये धरून ठेवली, बुरशीने मुळांना हात दिला आणि ओसाड ढिगाऱ्यावर झाडे तगली. चंद्रपूर जिल्ह्यात पद्मापूरच्या कोळसा खाणीच्या ढिगाऱ्यावरही ‘नीरी’ने हीच दिशा घेतली.

या यशाचा अर्थ नीट लावला पाहिजे. झाडांनी ढिगाऱ्यातले सगळे मँगनीज शोषून बाहेर नेले, असे तिथे झालेले नाही. ढिगारा पावसात वाहून जाण्यापासून आणि धूळ होऊन गावावर बसण्यापासून वाचला. म्हणजे यश जखडून ठेवण्याचे आहे. भारतात खाणींचे ढिगारे आणि राखेचे तलाव एवढे आहेत, की हे एकच काम मनापासून केले तरी मोठे ठरेल. मात्र त्याला ‘माती शुद्ध झाली’ म्हणू नये. जखडलेला धातू जागेवरच असतो. उद्या कोणी ती झाडे तोडून तिथे प्लॉट पाडले, तर तो पुन्हा मोकळा होईल.

कापलेल्या झाडांचे काय करायचे?

उपसण्याची पद्धत निवडली, तर हा प्रश्न सुटल्याशिवाय काम पूर्ण होत नाही. धातूने भरलेली पाने शेताच्या बांधावर कुजली, तर धातू परत मातीत जातो. गुरांनी खाल्ली तर दुधाकडे. चुलीत जाळली तर राखेत आणि काही प्रमाणात धुरात.

पुण्याची मुळा-मुठा आणि कोल्हापूरची पंचगंगा यांत जलपर्णी माजते, हे दरवर्षीचे चित्र आहे. जलपर्णी पाण्यातले धातू चांगले शोषते. पण यंत्राने काढलेली जलपर्णी काठावरच ढीग लावून ठेवली, की कुजून आणि पावसाने धुऊन तिच्यातला बराच ऐवज पुन्हा नदीत जाऊ शकतो. तपासणी न करता तिचे खत केले, तर तो शेतात जाईल. म्हणजे वनस्पतीने तिचे काम केले, पुढचे काम माणसांनी सोडले.

योग्य मार्ग म्हणजे कापणीची नोंद, नमुन्यांची तपासणी, नियंत्रित भट्टीत ज्वलन आणि राखेची घातक कचऱ्याच्या केंद्रात विल्हेवाट. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी येथे अशी सामायिक केंद्रे आहेत. तिथवरची वाहतूक आणि शुल्क धरले, की ‘स्वस्त’ उपायाची खरी किंमत कळते. धातू मौल्यवान असेल तर चित्र बदलते. अल्बानियात निकेलयुक्त जमिनीवर निकेल शोषणारे पीक घेऊन हेक्टरी सुमारे १०० किलो निकेल मिळवल्याचे प्रयोग झाले आहेत. शिसे आणि कॅडमियमच्या बाबतीत अशी कमाई गृहीत धरता येत नाही.

पंधरा वर्षे शेतकऱ्याने काय करायचे?

तांत्रिक चर्चेत हा प्रश्न शेवटी येतो. यायला हवा तो पहिला. कॅडमियमच्या उदाहरणातील १५ वर्षे त्या एकरात पालक, मेथी, भात काहीच घ्यायचे नाही. ज्याने प्रदूषण केले नाही, त्याच्याच उत्पन्नावर ही सफाई उभी राहणार असेल, तर तो गुपचूप भाजी लावेल आणि ती जवळच्या मंडईत येईल. त्याला दोष देणे सोपे आहे, पण त्याच्यापुढे दुसरा पर्याय कोणी ठेवलेला नसतो.

बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या सीमेवरील केम्पेन भागात जस्त वितळवणाऱ्या कारखान्यांनी सुमारे ७०० चौरस किलोमीटर क्षेत्रात कॅडमियम पसरवले. तिथल्या संशोधकांनी ऊर्जेसाठी मका घेण्याचा पर्याय तपासला. मका अन्नात न जाता बायोगॅसला जाईल, शेतकऱ्याला उत्पन्न मिळत राहील आणि धातू संथपणे कमी होईल, अशी ती कल्पना. सफाईचा वेग कमी असला, तरी त्यात शेतकऱ्याचा विचार आहे.

माती खणून बदलणे हा पर्यायही झटपट नाही. जपानमध्ये जिंझू नदीकाठच्या भातखाचरांत खाणीतले कॅडमियम शिरले. त्यातून झालेला ‘इताई-इताई’ हा हाडे ठिसूळ करणारा आजार सरकारने १९६८ मध्ये प्रदूषणजन्य म्हणून मान्य केला. तिथली शेतजमीन पूर्ववत करण्याचे काम ३३ वर्षे चालले आणि २०१२ मध्ये संपले. फरक एवढाच, की तिथे वेळापत्रक होते आणि खर्चात खाण कंपनीलाही वाटा उचलावा लागला.

मग मागणी कशाची करायची?

झाडे आणि मायकोरायझा यांना नाकारणे शहाणपणाचे नाही. मोठ्या क्षेत्रावर पसरलेल्या कमी-मध्यम प्रदूषणासाठी, खाणींच्या ढिगाऱ्यांसाठी आणि राखेच्या तलावांसाठी त्यांच्याइतका परवडणारा आणि मातीला जिवंत ठेवणारा उपाय क्वचितच सापडेल. आक्षेप आहे तो लागवडीलाच सफाई म्हणून खपवण्याला.

म्हणून अशा प्रत्येक प्रकल्पाकडून पाच उत्तरे जाहीरपणे मिळायला हवीत. धातू उपसायचा आहे की जखडायचा? लागवडीपूर्वी मातीत आणि विहिरीत त्याचे प्रमाण किती होते आणि दरवर्षी ते किती झाले? हिशेबाप्रमाणे किती वर्षे लागतील? कापलेला पाला कुठे जातो? आणि तोवर जमीनधारकाची भरपाई कोण देतो? किती रोपे लावली आणि किती जगली, हा सहावा प्रश्न असू शकतो, पहिला नव्हे.

या उत्तरांचा फलक जागेवर मराठीत लावणे अवघड नाही. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर वर्षातून एकदा माती-पाण्याचे अहवाल टाकणेही नाही. प्रदूषण करणाऱ्याचा शोध घेण्याची तरतूद नियमांत आलीच आहे. त्याच्याकडून केवळ रोपांचे पैसे न घेता १५ वर्षांची तपासणी, विल्हेवाट आणि शेतकऱ्याची भरपाई आगाऊ घेतली, तर झाडांना त्यांच्या गतीने काम करता येईल. तसे झाले नाही, तर पाच वर्षांनी त्या जागेवर दाट हिरवळ दिसेल, उद्घाटनाचा फलक दिसेल आणि शेजारच्या विहिरीचे पाणी तपासायला पुन्हा कोणीही येणार नाही.